साडेतीनच्या पुढची एक रेघ

काटेवाल्या आजोबांनी एकतीस वर्षं वजनकाट्यावर मालट्रक तोलले आणि एवढ्या वर्षांत त्यांना कुणीही फसवू शकलं नाही. निदान ते तरी असंच सांगत, आणि खोडून काढायला कुणी आलं नव्हतं. ट्रकवाले काय काय करून बघत. भरलेली गाडी काट्यावर चढवताना क्लिनरला मालामागे दडवत, रिकामी तोलताना त्यालाच चहाला पाठवत. आजोबा खिडकीतून नुसते बघत आणि म्हणत, "आधी त्याला खाली उतरव, मग पावती." माणूस मुकाट्याने उतरे.

निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. आता त्यांच्या ताब्यात एकच माल होता. लेकीची लेक, वय सव्वादोन, घरात एका जागी टिकायचीच नाही म्हणून नाव पडलं भिंगरी.

लेक मालधक्क्यावर क्रेन चालवायची. वर चढताना फोन खाली कपाटात ठेवावा लागे, म्हणजे जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिच्याशी बोलायची सोय नाही. स्वभावाने ती बापावरच गेली होती, फक्त दोन पट. बापाने सांगितलेलं ती पहिल्या झटक्यात कधीच मान्य करत नसे. वर्षभरापासून आजोबांचा उजवा हात कापायला लागला होता आणि ते तिच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. "हा आठवडा बघू, बाबा," ती म्हणाली होती. "तुम्हाला जमलं तर उत्तम. नाहीतर सोमवारपासून पाळणाघर. मी बोलून ठेवलंय." नातीला आपल्या हातून काढून घेणार, हे आजोबांना पटलं नव्हतं, पण त्यांनी मिशीवर हात फिरवून "बघ की" एवढंच म्हटलं.

आणि नेमका तिसऱ्या दिवशी भिंगरीला ताप भरला.

पहाटे अंग कोमट लागलं तेव्हा लेकीनेच सहा वाजता औषध दिलं होतं. आजची सुट्टी मिळाली नाही, उद्याची तिने मागून ठेवली. बाटलीवर पट्टी चिकटवून ठसठशीत अक्षरात लिहिलं, "२.८ मिली. सकाळी ६ ला दिलं." दारातून वळून म्हणाली, "परत ताप आला तर साडेदहानंतर एवढंच द्या. डोकं चालवू नका."

साडेदहाला ताप एकशे दोनच्या वर गेला. भिंगरी गोधडीत गुरफटून पडली होती, डोळे मलूल, गाल लालबुंद. आजोबांनी पाणी विचारलं तर दोन घोट प्यायली आणि मान फिरवली. जी पोर दिवसभर घर डोक्यावर घ्यायची, ती अशी गप्प पडलेली बघून म्हातारा आतून हलला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या ताई आल्या. ताईंनी स्वतःची पाच वाढवली होती आणि ते त्या कुणालाही विसरू देत नसत. पोरीच्या कपाळाला हात लावला आणि पुन्हा वर जाऊन एक छोटी बाटली घेऊन आल्या.

"आमच्या नातवाची आहे. एक चमचा पाजा, तासाभरात पोर उड्या मारेल."

"कुठला चमचा?"

"भाऊ, चमचा म्हणजे चमचा. तुमच्या घरात चमचे नाहीत?"

आजोबांनी चष्मा लावला आणि दोन्ही बाटल्या खिडकीशी नेल्या. "ताई, औषध दोन्हीकडे तेच, पण तुमच्या बाटलीत एका मिलीत शंभर मिलिग्रॅम. आमच्या बाटलीत पाच मिलीत अडीचशे, म्हणजे एका मिलीत पन्नास. तुमचं औषध दुप्पट कडक आहे."

"काहीतरीच. तान्ह्या बाळाचं औषध ते, कडक कसं असेल?"

"तान्ह्याच्या पोटात थेंबभरच जातं ना, म्हणून थेंबात जास्त भरलंय. त्यातलं चमचाभर दिलं तर झालंच." त्यांनी ताईंची बाटली झाकण घट्ट लावून परत केली. ताईंचं तोंड जरा उतरलं, पण त्या गेल्या नाहीत.

आता लेकीची पट्टी. २.८. अक्षर रेखीव, आकडा ठाम. आजोबांनी औषधाची पिचकारी हातात घेतली आणि परत ठेवली. त्यांच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळला होता. पोरांचं औषध वजनावर ठरतं, मग हा आकडा आला कुठून? त्यांनी खणातून लसीकरणाचं कार्ड काढलं. शेवटचं वजन नऊ किलो चारशे, आणि तारीख गेल्या वर्षीची. पोर तेव्हा नुकती पाय टाकायला लागली होती. जुन्या पावतीवर गाडी सोडणारा माणूस काट्यावर एक दिवस टिकला नसता, आणि इथे तर गाडी स्वतःची नात होती.

पण लेक म्हणाली होती, डोकं चालवू नका. चालवलं आणि काही चुकलं तर सोमवारी पाळणाघर, यात शंका नाही.  तरीही आजोबांनी न्हाणीघरातला वजनाचा काटा ओढून बाहेर आणला.

सव्वादोन वर्षांचं तापलेलं मूल काट्यावर एकटं उभं राहत नाही. आजोबांना त्याची फिकीर नव्हती. भरलेली गाडी वजा रिकामी गाडी, हे त्यांना झोपेतही जमलं असतं. भिंगरीला गोधडीसकट उचललं, काट्यावर चढले. आकडा ताईंनी वाचला. तिला पलंगावर ठेवलं, एकटे चढले. फरक तेरा किलो सहाशे.

औषधाच्या दुकानातल्या बाईंना फोन लावला. बाईंनी आधी शेवटचं औषध कधी दिलं ते विचारलं, मग बाटलीवरचे आकडे वाचून घेतले. "साडेचार तास झालेत, देता येईल. किलोमागे पंधरा मिलिग्रॅम धरायचं, काका. तेरा पॉइंट सहा म्हणजे..."

"दोनशे चार," आजोबा म्हणाले. "पिचकारीत चार मिली आणि एक रेघ."

"गणित पक्कं आहे तुमचं," बाई म्हणाल्या, आणि आजोबांची छाती फुगली.

फोन ठेवला, बाटली उघडली, आणि तिथेच त्यांचा हात थांबला. रोज ही पोर खांद्यावर टाकून ते जिना चढत. तेरा सहाशे? खांदा नाही म्हणत होता. यंत्र काहीही म्हणो, रोज तिला पेलणारा खांदा उगाच बोलत नाही. ते पलंगापाशी गेले आणि गोधडी उलगडली.

आत भिंगरीच्या पोटाशी, दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं, लोखंडाचं किलोचं वजन होतं. आजोबांनी नोकरीची आठवण म्हणून ठेवलेलं. भिंगरी बाहुल्या फेकून द्यायची आणि त्या वजनाला जवळ घेऊन झोपायची.

"बाळ," ती क्षीण आवाजात म्हणाली आणि ते आणखी जवळ ओढलं.

ताई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "एकतीस वर्षं कुणी फसवलं नाही ना हो, भाऊ?"

आजोबांना हसू येत होतं आणि घामही फुटला होता. ट्रकवाल्यांना जे जमलं नाही ते या चिमुरडीने तापात पडल्या पडल्या करून दाखवलं होतं. आणि आपण ऐटीत दोनशे चार सांगून बसलो. त्यांनी आपलेच कान उपटले. मग "बाळ" समजूत घालून उशीवर निजवलं, गोधडी बाजूला ठेवली, अंगावर नुसतं पातळ झबलं राहू दिलं आणि पुन्हा काट्यावर चढले. एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा फरक बारा किलो.

त्यांनी परत फोन लावला. चूक सांगायला लाज वाटली, पण सांगितली, किलोच्या वजनासकट. बाई हसल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत. बारा किलो, एकशे ऐंशी मिलिग्रॅम, तीन पॉइंट सहा. दिवसभरात चार वेळांच्या वर नाही. आणि पाणी पीत नसेल, जागी होत नसेल किंवा ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर थेट डॉक्टर."

आता उरलं भरणं. पिचकारीवरच्या रेघा मुंगीच्या पायाएवढ्या आणि उजवा हात थरथर कापतोय. ताई पुढे झाल्या. "द्या, मी भरते."

"नको." आजोबा टेबलाशी बसले. कोपर लाकडावर दाबला, मनगट बाटलीला टेकवलं आणि श्वास रोखला. चारपर्यंत ओढलं, बुडबुडा वर आणून बाहेर काढला, मग दट्ट्या हळूहळू खाली, साडेतीनच्या पुढच्या एका रेघेवर. पिचकारी ताईंच्या डोळ्यांसमोर धरली. "वाचा. मी सांगत नाही किती ते."

ताईंनी डोळे बारीक केले. "साडेतीन. आणि पुढची एक रेघ."

भिंगरीला मांडीवर टेकवून बसवलं, पिचकारीचं टोक गालाच्या आतल्या बाजूला, आणि थोडं थोडं करत, प्रत्येक घोट गिळेपर्यंत थांबत, सगळं पोटात गेलं. एक थेंबही बाहेर आला नाही. आजोबांनी कागदावर वेळ लिहिली, अकरा वाजून पाच मिनिटं, आणि मग त्यांचा जीव भांड्यात पडला. बाराच्या सुमाराला पोरीच्या कपाळावर घाम आला, आणि साडेबाराला तिने केळं मागितलं.

लेकीचा फोन जेवणाच्या सुट्टीत आला. ताप उतरतोय एवढंच ऐकून ती परत वर चढली. बाकीचं आजोबांनी ती घरी आल्यावर, समोर उभं राहून सांगितलं. तिचा आकडा बदलला ते, जुनं कार्ड, किलोचं वजन, आपली फजिती, दुसरा फोन, काही लपवलं नाही. चुकलं ते आधी आणि जमलं ते नंतर.

लेक कार्ड हातात घेऊन बसली. तारीख बघितली.  आजोबांनी कापणारा हात पाठीमागे नेला.

"म्हणजे मी सकाळी कमीच दिलं," ती म्हणाली.

"तुझ्या हातात जे कार्ड होतं त्यावरून बरोबरच दिलंस."

तिने फोन काढला आणि मुकादमाला लावला. "उद्याची सुट्टी मागितली होती ना, ती राहू दे. मी येतेय. नाही, ताप आहे अजून थोडा. बाबा आहेत घरी." फोन ठेवून बापाकडे बघितलं. "पुढचं औषध कधी द्यायचं, बाबा?"

जन्मात पहिल्यांदा ती त्यांना सांगत नव्हती, विचारत होती. आजोबांना अभिमान वाटला.

"ताप चढला तरच. नाही चढला तर झोपू द्यायचं, उठवायचं नाही," ते म्हणाले.

"बरं," लेक म्हणाली.