डावा रोलर

“थांबव! लुबर्ट, अरे थांबव!”

रुली ओरडली तोवर कॅरॅव्हॅनचा कोपरा फुलांच्या वाफ्यात घुसला होता. लुबर्ट खडीवर रिमोट घेऊन उभा होता. त्याने बटण सरळ जाण्याचं दाबलं होतं आणि गाडी डावीकडे वळून शेजाऱ्याच्या कुंपणाकडे निघाली होती. त्याने अंगठा उचलला. निळी फुलं चाकाखाली गेली होती.

“डावा रोलर घसरतोय,” तो म्हणाला. “टायरपासून लांब सरकलाय. जवळ घेतला की झालं.”

कॅरॅव्हॅनला, म्हणजे चाकांवरच्या त्या छोट्या घराला, स्वतःचं इंजिन नसतं. रस्त्यावर ती मोटारीमागून जाते. पण अंगणात किंवा कोठारात, अडचणीच्या जागी, तिला हलवायला दोन्ही चाकांपाशी एकेक रोलर असतो. पान्याने फिरवून तो टायरला टेकवायचा आणि बटण दाबायचं, की बॅटरीवरची मोटर रोलर फिरवते आणि रोलर चाक. मोटारीला जोडल्यावर मात्र दोन्ही रोलर आठवणीने मागे घ्यायचे.

सकाळपासून लुबर्ट दोनदा गाडीखाली शिरून बाहेर आला होता. तिसऱ्यांदा शिरला तेव्हा रुलीने घरात जाऊन गाड्या दुरुस्त करणाऱ्या वायत्सेला फोन केला.

“त्या उत्तरेकडच्या फ्रिजियनाला कशाला बोलावलंस? पाना माझ्याकडे पण आहे,” लुबर्ट गाडीखालून म्हणाला.

“पाना आहे रे. गुडघे कुठून आणणारेस?”

शुक्रवारी त्यांना झेलंडच्या समुद्रावर जायचं होतं. लग्नानंतरचा एकही उन्हाळा त्यांनी चुकवला नव्हता. यंदा मुलगी म्हणत होती, “आई, बाबांनी एवढं ओढत न्यायलाच हवं का?” रुलीने विषय बदलला होता. हिवाळ्यात लुबर्टने दोनदा किटली कोरडी जाळली होती. दोन्ही वेळा तिने ती घासून लखलखीत केली आणि जागेवर ठेवली. मुलीला सांगितलं असतं तर ती त्याला डॉक्टरकडे नेणार, डॉक्टर नको ते विचारणार आणि मोटारीची किल्ली खुंटीवरून जाणार, हे तिला कळत होतं.

वायत्से दुपारी आला. आधी त्याने बॅटरी तपासली, मग टायरमधली हवा.

“हवा कशाला बघतोस? रोलर बघ,” लुबर्ट म्हणाला.

“हवा कमी असली की चाक बसतं आणि अंतर खोटं दिसतं. तुम्ही पूल उघडताना मी शिकवायला यायचो का, लुबर्ट?”

“आला असतास तर कालव्यात ढकलला असता.”

दोघेही हसले. वायत्से गाडीखाली गेला. बराच वेळ नुसता पान्याचा आवाज येत राहिला. बाहेर आला तेव्हा तो हसत नव्हता. त्याने काळं झालेलं बोट हुंगलं.

“जवळ घेऊन काही व्हायचं नाही. मोटर जळलीय, आतले दातेही गेलेत. आणि हा टायर बघा.”

टायरवर कानस मारल्यासारखा एक पट्टा उठला होता.

“रोलर टेकलेला ठेवून गाडी रस्त्यावर ओढलीय. फक्त डावा. उजवा ठणठणीत आहे.”

“अशक्य,” लुबर्ट म्हणाला.

तो सगळा जन्म कालव्यावर बोटींसाठी पूल उघडणारा माणूस होता. आधी घंटा, मग फाटक, मग पूल. फाटक पडण्याआधी त्याचा पूल कधी तसूभर उचलला गेला नाही. पुढे सगळे पूल दूरच्या एका खोलीतून पडद्यावर बघून चालवायला लागले, आणि तो आपली शिस्त घेऊन घरी आला. कॅरॅव्हॅन जोडली की तो पुढच्या छोट्या चाकाच्या हँडलपाशी उभा राहून विचारी, रुली भोवती फिरून उत्तर देई. “पुढचं चाक?” “वर.” “ब्रेक?” “सुटला.” “उजवा रोलर?” “सुटा.” “डावा?” “सुटा.” मगच किल्ली फिरायची.

गेल्या शनिवारी शेतकऱ्याच्या कोठारात हिवाळाभर ठेवलेली गाडी आणताना तो ‘उजवा रोलर?’वर थांबला, ‘डावा?’ विचारलंच नाही. शेतकरी शेजारी उभा राहून बटाट्याच्या भावाबद्दल बोलत होता. लुबर्टने मान डोलावली आणि मोटारीत जाऊन बसला. रुलीने तोंड उघडलं होतं. पण मागच्या उन्हाळ्यात तिने चारचौघांत त्याची चूक दाखवली तेव्हा तो संध्याकाळपर्यंत बोलला नव्हता. त्याने स्वतः पाहिलं असेल, असं म्हणून ती मुकाट्याने शेजारी बसली. वाटेत जळका वास आला.

“शेतात खत टाकलंय,” लुबर्ट म्हणाला. त्याने काच वर केली आणि रस्त्यावरची नजर न काढता हात पुढे केला. तिने नेहमीसारखी त्यावर पेपरमिंटची गोळी ठेवली.

“गाडी आणताना रोलर कोणी सोडवले?” वायत्सेने विचारलं.

लुबर्ट स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. काही आठवायचा प्रयत्न करताना त्याच्या कपाळाला पडणारी ही आठी रुलीच्या आता ओळखीची झाली होती.

“मी,” ती म्हणाली. “डावीकडे मी होते. राहिलं माझ्याकडून.”

लुबर्टने मान वर केली. “मी विचारलं होतं ना तुला?”

“विचारलं होतंस.”

“मग! ऐकलंस, वायत्से? मी विचारतो आणि बाईसाहेब ट्युलिप बघत फिरतात!” त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. “कॉफी तरी नीट करशील ना, की तीही राहील?”

“बघते हं,” रुली म्हणाली.

लुबर्ट रिमोट ठेवायला आत गेल्यावर वायत्से हात पुसत म्हणाला, “मोटर मी बदलून देईन, रुली. मोटरचं काही नाही.”

“माहितीये,” ती म्हणाली.

गुरुवारी त्याने नवी मोटर आणि दोन्ही टायर बसवले. बोल्ट सैल करून चौकट सरकवली, रोलर आणि टायर यांच्यामध्ये लाकडी पट्टी धरून दोन्हीकडे सारखं अंतर ठेवलं आणि बोल्ट आवळले. गाडी अंगणात सरळ रेषेत गेली. लुबर्टने टाळी वाजवली नाही, विनोद केला नाही. सकाळी न्याहारी करताना पावावर लोणी लावता लावता त्याने एकदा विचारलं होतं, “त्या दिवशी कोठारात शेतकरी कशाबद्दल बोलत होता?”

“बटाट्यांबद्दल.”

“हं,” तो म्हणाला होता आणि लोणी लावत राहिला होता.

शुक्रवारी कॅरॅव्हॅन जोडून झाली. रुली सवयीने मागे गेली आणि पहिल्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिली. प्रश्न आला नाही. लुबर्ट हँडलपासून चालत तिच्याकडे आला.

“आज तू विचार.”

ती हँडलपाशी जाऊन उभी राहिली. “पुढचं चाक?”

“वर.”

“ब्रेक?”

“सुटला.”

“उजवा रोलर?”

“सुटा.”

तिचा आवाज जरा खाली गेला. “डावा?”

लुबर्टने गाडीचा आधार घेतला आणि एकेक गुडघा खडीवर टेकवला. रोलर आणि टायरच्या मधल्या फटीत बोटं घालून त्याने ती वरपासून खालपर्यंत फिरवली.

“सुटा,” तो म्हणाला.

उठायला त्याला वेळ लागला. तिने हात दिला नाही. त्याला तो नको असतो. विजारीवरची खडी झटकून तो मोटारीला वळसा घालून गेला, उजवीकडचं, रुलीच्या नेहमीच्या जागेचं दार उघडून बसला आणि त्याने पट्टा लावला.

किल्ली लावलेलीच होती. रुलीने चालकाची सीट पुढे ओढली, आरसे आपल्या उंचीला आणले. मागे सगळी पांढरी कॅरॅव्हॅनच दिसत होती. पुलाकडच्या वळणावर ती इतकी हळू चालवत होती की मागच्याने हॉर्न वाजवला.

लुबर्टने पेपरमिंटच्या नळीचा कागद सोलला आणि एक गोळी तळहातावर घेऊन, तिला नजर वळवावी लागू नये अशा बेताने, हात पुढे धरला.