‘जरा बरं नाय’

या कथेचे तीन पाठ सध्या प्रचारात आहेत. धाटावच्या कारखान्यांच्या शिफ्टच्या बसमध्ये ती सांगतात तेव्हा जहाजाला आग लागते. पेणजवळच्या हमरापुरात, गणपती रंगवता रंगवता सांगितल्या जाणाऱ्या पाठात त्या गावचा, जहाजावरचा अधिकारी प्रदीप स्वतः विषारी वायूत उतरतो. रोह्याला लागून असलेल्या वरशात मात्र ती एका वाक्यात आटोपते: याकूबची वेळ भरली होती. तिन्ही पाठांत माझा उल्लेख नाही. मी तेलवाहू जहाजावरचा एक वॉकीटॉकी. त्या दुपारी जे बोलले गेले ते माझ्यातून गेले, म्हणून हा चौथा पाठ.

तेलाच्या वाफेला एक ठिणगी पुरते; माझ्यातून ती कधी उडू नये, या काळजीने मला घडवले गेले. कारखान्यातून मी थेट जहाजावर आलो आणि सहा वर्षे फैजलच्या पट्ट्याला राहिलो. फैजल वरशाचा खलाशी. त्याचा मामू याकूब त्याच जहाजावर पंपांची देखभाल करी. माणसे माझे बटण दाबण्याआधी घसा खाकरतात, हे मी तिथे पाहिले. दुरून बोलतानाही त्यांना समोर कुणी बसले आहे असे वाटते.

संकट कळवण्याचा जहाजावरचा नियम स्पष्ट होता. काय झाले, कुठे झाले, किती माणसे सापडली, हे पहिल्याच वाक्यात उघड सांगायचे. फैजलला तो तोंडपाठ होता. पण त्याच्या गावचा रिवाज त्याहून जुना. तिथे वाईट बातमी कुणी सरळ सांगत नाही. माणूस गेलेला असला तरी परगावच्या नातलगाला ‘जरा बरं नाय, निघून या’ एवढेच कळवतात, आणि उरलेले तो वाटेत समजून घेतो. या रिवाजाच्या मुळाशी दया आहे, हे मी नाकारत नाही.

आखातातून तेल भरून आम्ही निघालो होतो. मंगळवारी दुपारी पंपाच्या खोलीत, जहाजाच्या अगदी तळाशी, गळती दिसली. हवा तपासून याकूब शिडीने उतरला आणि फैजल वर, तोंडाशी, पहाऱ्याला थांबला.

“लगीन झाल्यापासून तू खाली यायला भितोस रे,” याकूब उतरता उतरता म्हणाला. “रहा वरच, हवा खा.”

दहा मिनिटांनी, गळतीचा वायू चढून, याकूब कठड्याला टेकला आणि हळूहळू खाली बसला. फैजलने दोन हाका मारल्या. उत्तर आले नाही. त्याने माझे बटण दाबले.

“प्रदीपसाहेब, मामूला जरा बरं नाय.”

प्रदीप त्या वेळी ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, पहाऱ्याचा अधिकारी होता. याकूब एव्हाना काम संपवून वर आला असेल अशी त्याची समजूत होती.

“उन्हाचं असेल. बसव त्यांना, पाणी दे.”

“व्हय. बसलेत.”

या संवादात खोटा शब्द एकही नाही. आपण सांगितले असे फैजलला वाटले. आपल्याला कळले असे प्रदीपला वाटले. एकटे खाली उतरायचे नाही, हा नियम पाळून फैजल श्वासासाठी हवेची नळकांडी घेऊन येणाऱ्या माणसांची वाट पाहत राहिला. माझ्या अंगावर त्याची बोटे घामाने निसटत होती. चार मिनिटे गेली. कुणी येईना, तेव्हा प्रदीपचाच आवाज आला: बसलेत म्हणजे नक्की कुठे?

“खालीच. पंपाच्या खोलीत. हलत नायत.”

त्याच क्षणी जहाजभर घंटा वाजली. श्वासाची नळकांडी लावून चौघे उतरले, याकूबला वर आणले, किनाऱ्यावरच्या डॉक्टरला विचारून विचारून तासभर छाती दाबली. उपयोग झाला नाही.

जहाज सोडताना मी फैजलच्या पट्ट्यालाच राहून गेलो. कुणी मला परत मागितले नाही. आता मी त्याच्या घरच्या फळीवर पडून आहे आणि माझी बॅटरी केव्हाच संपली आहे. कुणी मला पुन्हा हातात घेतलेच, तर विनंती एवढीच की आधी सांगावे, दया नंतर करावी.

त्याच आठवड्यात शुक्रवारी, मला पट्ट्याला लावूनच, फैजल वरशात पोचला. मय्यत दुसऱ्या दिवशी येणार होती. साऱ्या मोहल्ल्याला ते ठाऊक होते, शेजारच्या घरी सर्वांचा स्वयंपाक शिजत होता. फक्त याकूबच्या बायकोला, अमीनाला, तो दवाखान्यात आहे असे सांगून ठेवले होते. ओट्यावर मोठ्यांनी फैजलला थांबवून बजावले की आज तब्येत नाजूक आहे एवढेच बोल, बाकीचे उद्या.

अमीना नवऱ्याच्या सदऱ्यांना इस्त्री करत होती.

“मामूचा कसा हाय?” तिने विचारले. “डोळं उघडलं?”

“मामी, मामू गेले. मंगळवारी, जहाजावरच. मी वर उभा होतो. मी सरळ सांगितला नाय, म्हणून मानसा उशिरा आली.”

अमीनाने इस्त्री उभी करून ठेवली, हातातल्या सदऱ्याची घडी घातली, आणि फैजलला घराबाहेर जायला सांगितले.