दोन डबे, एक ऑपरेटर

तिसरी काच फुटली तेव्हा भिंगरीने खुर्चीतच डोळे मिटून घेतले. फुटल्याचा आवाज काही तिला आला नाही. येणार कसा? काच होती अकरा तासांच्या प्रवासावरच्या प्रयोगशाळेत आणि भिंगरी होती आत्याच्या घरी, मागच्या खोलीत, पायात लोकरीचे मोजे घालून. तलावांच्या पाण्याचे थेंब तिकडे काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले जायचे, आणि ही इकडून इंटरनेटवरून त्याचं भिंग खाली-वर करून पाण्यातले जीव मोजायची. भिंग उतरत असताना लाईन गेली, की ‘थांब’ हा हुकूम पोचायचा नाही. भिंग आपलं निवांत उतरत राहायचं. मग खळ्ळ.

“पुढच्या शुक्रवारी पाहुणे येतायत,” प्रयोगशाळेच्या मॅडम पडद्यावरून म्हणाल्या. “तासभर त्यांच्यासमोर तू यंत्र चालवायचंस. त्यात लाईन गेली, तर सामान बांधून इकडेच ये. वसतिगृहात एक खाट रिकामी आहे.”

ती खाट भिंगरीच्या डोळ्यांसमोर पायांसकट उभी राहिली. तिला जायचं नव्हतं. चौदाव्या वर्षापासून ती आत्याकडे होती. दोघींचं एकमेकींवाचून अडायचं आणि दोघी ते कबूल करायच्या नाहीत.

“जा की, मला काय धाड भरलीय!” आत्या म्हणाली, आणि त्या दिवशी चहात मीठ पडलं.

तेव्हा भिंगरीने कंबर कसली. जुनी लाईन काढून टाकली आणि नवी शोधायला निघाली. इमारतीत चौकशी केली, तर जो तो आपल्या कंपनीचं जावयासारखं कौतुक करत होता, आणि दार लोटून घेतल्यावर तक्रारही जावयासारखीच. शेवटी तिने दोन कंपन्यांना आठवडाभराच्या चाचणीसाठी बोलावलं. दोन्हींचे कारागीर नेमके एकाच वेळी दारात.

“ताई, छत्री घेताय?” रस्त्याखालून तार आणणारा म्हणाला. “कबुतर बसलं तरी बंद पडते.”

“आणि यांची तार?” गच्चीवर डिशची छत्री लावणारा कसला ऐकतोय! “कुणी खड्डा खणला की संपलं. हे तर वाटच बघत असतात, सुट्टी मिळते म्हणून.”

“चहा एकदाच करीन,” आत्या आतून म्हणाली. “भांडण जिन्यात करून या.”

संध्याकाळपर्यंत पॅसेजमधल्या फळीवर इंटरनेटचे दोन डबे लुकलुकू लागले. एकाला रस्त्यावरून आलेली तार, दुसऱ्याला गच्चीवरून आलेली. एक दिवस हा डबा, एक दिवस तो, असा भिंगरीचा बेत. लाईन कधी गेली, किती सेकंद गेली, सगळं ती वहीत टिपणार होती. विज्ञान शिकलेली मुलगी. नुसत्या ‘मला वाटतं’वर तिचं पोट भरत नसे.

पाचव्या दिवशी ती वहीकडे बघत बसली. तारेच्या डब्याची लाईन चार वेळा गेली होती. छत्रीची? चार वेळा. दोन वेगळ्या कंपन्या, एक जमिनीखालून, एक आभाळातून, आणि दोघी सारख्याच वागतायत? त्याहून गंमत म्हणजे, गप्प बसून काम करताना दिवसभर लाईन ढिम्म हलत नसे. मॅडमबरोबरच्या ऑनलाइन बैठकीत तोंड उघडलं, की मिनिटाभरात गुल.

“आत्या, लाईनला माझा आवाज आवडत नाही,” ती जेवताना म्हणाली.

“लहानपणी गायचीस तेव्हा शेजारचेसुद्धा घर सोडून गेले होते,” आत्या म्हणाली.

पण भिंगरी हसण्यावारी नेणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने दार लावलं आणि समोर कुणी नसताना कपडे धुण्याच्या यंत्राची माहितीपुस्तिका खणखणीत आवाजात वाचली. दहा मिनिटं. लाईन ठणठणीत! म्हणजे आवाजाचा दोष नाही. मग बैठकीत ती असं काय बोलते, जे पुस्तिकेत नाही? तिला आठवलं. प्रत्येक बैठकीत, सगळ्यांच्याच तोंडी असलेलं ते वाक्य. घसा साफ करून ती रिकाम्या पडद्याला म्हणाली, “हॅलो मॅडम, ऐकू येतंय का?”

एक, दोन, तीन... अडतिसाव्या सेकंदाला लाईन गेली.

भिंगरीने झटक्यात दार उघडलं. पॅसेजमध्ये, गुडघा चोळत, फळीसमोर वाकलेली आत्या. हातात बाहेरून आलेली तार. डब्यातून उपटलेली.

“आत्या!”

“अगं, थांब, लाईन मोकळी करतेय!” आत्याने तिलाच दटावलं. “तुला ऐकू येत नव्हतं ना?”

आत्याने अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. समोर भोकांचा फळा, हातात दोऱ्या. गिऱ्हाईक ‘ऐकू येतंय का’ म्हणालं, की त्याच्या लाईनवर कोण आगंतुक बसलाय ते शोधायचं आणि त्याची दोरी काढायची. हात अजून विसरले नव्हते.

“ही तार तुझ्या खोलीत जातच नाही गं, बाहेर जाते. म्हणजे बाहेरचं कुणीतरी तुझ्या लाईनवर चढलंय. काढली, की तू ‘गेलं, गेलं’ ओरडतेस. मग मी जरा थांबून परत लावते, की सगळं सुरळीत. मी आहे म्हणून दोन मिनिटांत येते तुझी लाईन!”

भिंगरी खाली बसली आणि हसत सुटली. पोट धरून, मोजे घसरेपर्यंत. मग तिने ती तार कुठून येते आणि काय आणते ते समजावलं. आत्याचा चेहरा आधी उतरला, मग तिलाही हसू फुटलं. दोघी फळीला टेकून डोळे पुसत राहिल्या.

“तीन काचा माझ्याच नावावर म्हणायच्या,” आत्या म्हणाली. “आता यातला कुठला डबा ठेवणार?”

“वहीतले सगळे आकडे तुझेच निघाले. चाचणीच्या उरलेल्या दोन दिवसांत काय कळणार?”

“दोन्ही एकाच वाटेने येतात?”

“नाही. एक जमिनीखालून, एक...” भिंगरी थांबली. एक बंद पडणं शक्य आहे. पण दोन वेगळ्या वाटा नेमक्या एकाच क्षणी? तिने आत्याकडे बघितलं. आत्या आपल्या बोटांकडे बघत होती.

शुक्रवारी आत्या इस्त्रीचे कपडे घालून, केसांना चार पिना लावून, स्टुलावर फळीसमोर बसली. भिंगरीच्या लॅपटॉपची वायर तारेच्या डब्यात होती. पडद्यावर पाहुणे, आणि थेंबात एक पाणपिसू मजेत पोहत होती. पस्तिसाव्या मिनिटाला खाली रस्त्यावर खणायचं यंत्र धडधडलं आणि तारेच्या डब्याचा दिवा लाल झाला. भिंग उतरत होतं.

“एक गेली, दुसरी जोडते!” पॅसेजमधून आवाज आला. खट्. खट्.

तीन सेकंद. भिंगरीने ‘थांब’ दाबलं. काचेपासून केसभर वर भिंग थांबलं. पाणपिसूने पाय झाडले.

तास संपला. पाहुणे खूष. मॅडम म्हणाल्या, “मध्ये चित्र जरा अडखळलं. लाईन गेली होती का?”

भिंगरीने तोंड उघडायच्या आत दारातून आत्या म्हणाली, “गेली नाही, बदलली. ती खाट दुसऱ्या कुणाला तरी द्या. बोला तुम्ही, जोडलेलं आहे.”