बिनफोडणीची लाईन

कुंभार पिंपळगावच्या मोटारीतून प्रेमला जालन्याला उतरली, तेव्हा पदराआड तीन महिन्यांची लेक होती आणि खांद्यावर आईने दिलेली लसणाची वेणी. बाळंतपणाला माहेरी गेलेली बाई परत येताना जे जे आणते ते सगळं तिने आणलं होतं : डिंकाचे लाडू, दुपटी, बाळगुटीची सहाण, आणि पोटात न मावणाऱ्या गोष्टी. पोलीस लाईनीतल्या बायकांना काय काय सांगायचं हे ती रस्ताभर मनात घोळवत आली होती. पहिल्यांदा कोणाच्या दारात जायचं, हे तर जायच्या आधीच ठरलेलं होतं.

सातव्या महिन्यात पुष्पाबाईनेच तिची ओटी भरली होती. पुष्पाबाई म्हणजे मच्छिंद्र शिपायाची बायको, शेजारच्या खोलीतली. "लेकरू घेऊन आलीस का पहिली माझ्या दारात ये," तिने बजावलं होतं. "तुझ्या घरात मागून जा. तुझा नवरा काय, कुठं पळून न्हाई चालला."

त्या नवऱ्याने, म्हणजे गिरिधर शिपायाने, स्टँडवर लेकीला हातात घेतलं, खूप वेळ नुसतं पाहिलं, आणि मग चालता चालता खाली मान घालून सांगितलं, "मच्छिंद्रभाऊ गेले. हसनाबादेकडं दरोडेखोरांच्या मागं गेल्ते. बरोबरच्या दोघांना बांधाआड ढकललं, अन् गोळी स्वतःला लागली. तेरावं कालच झालं. तुला कळवलं न्हाई, ओली बाळंतीण तू."

प्रेमलाचे पाय रस्त्यातच थबकले. मच्छिंद्रभाऊ म्हणजे लाईनीतला सगळ्यात मोठा आवाज. ते पहाऱ्यावरून आले की कुत्री आधी शेपूट हलवायची आणि मग पोरं पळत सुटायची.

गिरिधरने आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती. पण पुरुष माणूस. लेकीच्या मुठीत त्याचं बोट अडकलं होतं, आणि ते सोडवण्याच्या नादात ती गोष्ट राहून गेली. दारात त्यांना सोडून तो तसाच ड्युटीवर गेला.

ठरल्याप्रमाणे प्रेमला आधी पुष्पाबाईच्या दारात गेली. दुपारची वेळ, बाकीच्या बायका कुंडलिका नदीवर धुणं घेऊन गेलेल्या. खोलीत पुष्पाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"ताई, मी आले. लेक आणलीय बघा."

पुष्पाबाईने हूं केलं. वळून पाहिलं नाही. प्रेमला थोडा वेळ उंबऱ्यावर बसली, लेकीने एक जांभई दिली, आणि मग ती डोळे पुसत आपल्या खोलीत आली.

दुःखातसुद्धा नवरा संध्याकाळी उपाशी येतोच. प्रेमलाने चूल पेटवली, वरण शिजायला ठेवलं. तिच्या माहेरी तेरावं झालं की चौदाव्या दिवशी घरोघरी फोडणी पडते. म्हणून तिने बिनदिक्कत कढईत तेल सोडलं. तेल तापलं, मोहरी टाकली, आणि नेमकी तेव्हाच झोळीतली लेक किंचाळली.

"आले गं माझी राणी, आले."

दुपटं बदललं, पाठ थोपटली, दोन घोट पाजलं. कढई आठवली तेव्हा मोहरीचा कोळसा झाला होता. घाईघाईत तिने त्यावर लसूण टाकला, वर मिरच्या टाकल्या, आणि काळा-पांढरा असा एक लोट उठला की लेकीला उचलून तीच आधी खोकत बाहेर पळाली.

लाईनीतल्या खोल्या पाठीला पाठ लावून उभ्या. एका घरची उचकी चौथ्या घरी ऐकू जायची; हा तर मिरचीचा धूर. नदीवरून नुकतीच परतलेली खैरूनबी ओल्या हाताने, धुण्याचा पिळा खांद्यावर तसाच ठेवून, धावत आली. खैरूनबी ही म्हाताऱ्या हवालदाराची बायको आणि लाईनीची सगळ्यात जुनी बाई.

"या अल्ला! बघार किसने दिया?" तिने कढईत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "पोरी, काय करून राह्यलीस तू हे!"

"फोडणी," प्रेमला खोकत म्हणाली. "थोडी करपली."

"करपू दे गं, करपण्याचं काय न्हाई. पडली ना! पडली ना ती!"

मागोमाग बाकीच्या आल्या आणि कढईकडे अशा पाहू लागल्या, जणू काही त्यात चोरीची वस्तू सापडली होती. प्रेमला रडायच्या बेतात होती. तेव्हा खैरूनबीने पिळा खाली ठेवला आणि तिला समजावून सांगितलं.

लाईनीची रीत जुनी, खैरूनबीच्या सासूच्या वेळची. ड्युटीवर माणूस पडला की सुतक एका घराला लागत नाही, सगळ्या लाईनीला लागतं. त्या घरची बाई उठून स्वतःच्या हाताने फोडणी टाकत नाही, तोवर कोणाच्याच चुलीवर फोडणी पडायची नाही. मग तो हिंदू असो का मुसलमान, शिपाई असो का जमादार.

"पण तेरावं तर झालं ना?"

"तेरावं भटजीचं. सुतक लाईनीचं," खैरूनबी म्हणाली. "अन् पुढचं ऐक. अमीनसाहेब आल्ते." अमीनसाहेब म्हणजे ठाण्याचे मुख्य, वामनराव. बाहेर त्यांना आता फौजदार म्हणायला लागले होते, पण लाईनीच्या तोंडचं जुनं नाव सुटत नव्हतं. "म्हणाले, खोली शिपायाची हाय, नवा शिपाई यायलाय, खाली करावी लागंल. पुष्पा कुठं जाईल? हसनाबादेला भाऊ हाय, पण भावजय अशी, की पाणी दिलं तरी मोजून देईल. साहेब बी काय दगड न्हाई. शब्द दिला त्यांनी, सुतक संपेपर्यंत खोलीला हात लावणार न्हाई. मंग आम्ही ठरवलं. संपूच द्यायचं न्हाई सुतक!"

"म्हणजे इतके दिवस सगळी लाईन..."

"बिनफोडणीची! बिलकुल! माझा म्हातारा रोज म्हणतो, खैरून, हे वरण हाय का भांडं धुतलेलं पाणी. अमीनसाहेबांच्या घरी बी तेच. त्यांचं घर लाईनीबाहेर, म्हणून त्यांना वाटतं, बायकोनं, अरुंधतीबाईंनी, काहीतरी व्रत धरलंय."

प्रेमलाने आता कढईकडे पाहिलं, आणि तिला ती कढई कुंडलिकेच्या डोहात नेऊन बुडवावीशी वाटली. इतक्या जणींनी जपलेलं सुतक तिच्या चमचाभर मोहरीने संपवलं होतं.

तेवढ्यात बराकीकडून पुंजाराम ताटली घेऊन पळत आला. बराकीतल्या दहा-बारा सड्या शिपायांपैकी हा सगळ्यात हाडकुळा आणि सगळ्यात भुकेला.

"वास आला! वहिनी, खरंच आला का मला भास झाला? सुटलो का आपण?"

"गप बस रे मेल्या, वैऱ्या!" चार आवाज एकदम आले.

पण वासाला कोण गप्प बसवणार? ठाण्याकडून अमीनसाहेब येताना दिसले. नाक वर, पावलं भराभर. त्यांच्या मागे त्यांना गाठायला धावत निघालेल्या अरुंधतीबाई.

"पडली म्हणायची फोडणी," अमीनसाहेब म्हणाले. आवाजात सुटका होती आणि थोडी शरमही. "बरं झालं. आता त्या बाईंना सांगा, घाई नाही, चार दिवस घ्या, पण खोलीचं..."

"साहेब, ही फोडणी न्हाई," खैरूनबी आडवी आली. "ही करपली. करपलेली धरत न्हाईत."

"हो, करपलेली धरत नाहीत," अरुंधतीबाईंनी धापा टाकत टाकत शिक्का मारला.

"आणि त्या घरची बी न्हाई, माझी हाय," प्रेमला म्हणाली. ती लेकीला घेऊन पुढे झाली. "मला रीत माहीत नव्हती. चूक माझी. माझ्या चुकीनं ताईंची खोली जाऊ नये, साहेब."

अमीनसाहेब मिशीवरून हात फिरवत उभे राहिले. करपलेल्या फोडणीचं काय करायचं, हे कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

आणि मागून आवाज आला, "मोहरी कोणी जाळली?"

पुष्पाबाई दारात उभी होती. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. पण कपाळाला ती आठी, जी कोणाचीही भाजी खारट झाली की लाईनीने पाहिलेली होती. लाईनीत तिच्या हाताची चव अशी, की मच्छिंद्रभाऊंच्या डब्यावर ठाण्यात पहारा बसवावा लागायचा.

ती सरळ चुलीपाशी आली, कढई तिरपी करून पाहिली. "लसूण बी जाळला. येवढा चांगला लसूण. कोणी?"

"मी, ताई. लेक रडत होती."

तेव्हा पुष्पाबाईने पहिल्यांदा लेकीकडे पाहिलं. धुराने लेकीचं नाक लाल झालं होतं. तिने एक भली मोठी शिंक दिली, इतक्या लहान जीवाला न शोभणारी. पुष्पाबाईच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिने लेकीला घेतलं, छातीशी धरलं, आणि मग तिची पाठ बराच वेळ हलत राहिली.

"ह्यांनी पाळणा करायला घेतला होता हिच्यासाठी," ती शेवटी म्हणाली. "अर्धा झालाय." मग पदराने तोंड पुसून तिने सगळ्यांकडे पाहिलं. "पण ही सगळी जत्रा कशाची भरलीय? अन् हा पुंजा इतका का वाळला?"

पुंजारामला गुपित सांभाळता येत असतं तर तो केव्हाच जमादार झाला असता. त्याने सगळं सांगून टाकलं; सुतक, खोली, बिनफोडणीचं वरण, व्रत, सगळं. अरुंधतीबाई जमिनीकडे पाहत राहिल्या आणि अमीनसाहेब अरुंधतीबाईंकडे.

पुष्पाबाईला यातलं काहीच माहीत नव्हतं; ती लाईनीत आल्यापासून ड्युटीवर कोणी पडलंच नव्हतं. ती भडकली.

"माझ्यापायी लेकराबाळांना फिक्कं पाणी पाजून राह्यलात तुम्ही? खैरूनबी, तुम्ही बी? ह्यांना कळलं असतं तर काय म्हणले असते? त्या माणसाला लसणाच्या फोडणीबिगर घास उतरत नव्हता, अन् त्याच्याच नावानं तुम्ही फोडणी बंद केली?"

तिने लेक प्रेमलाच्या हातात दिली, कढई घासून चुलीवर ठेवली, तेल सोडलं.

"पुष्पा, नको," खैरूनबीने तिचा हात धरला. "पडली का खोली गेली बघ."

"खैरूनबी, हात सोडा. तेल तापलंय."

मोहरी तडतडली. मग जिरं, मग लसूण. गुलाबी होईपर्यंत, एक क्षणही जास्त नाही. तो वास लाईनभर फिरला, आणि पुंजारामने चक्क डोळे मिटून हात जोडले.

"साहेब," वरणावर फोडणी ओतता ओतता पुष्पाबाई म्हणाली, "खोली घ्या तुमची. ती शिपायाची हाय, शिपायाला द्या. पर एक विचारते. बराकीच्या सैपाकघराला लागून खोली हाय, ती कोणाची?"

"भटाऱ्याची, बराकीच्या स्वयंपाक्याची."

"तो कुठाय?"

"दिवाळीला पळाला," अमीनसाहेब म्हणाले. "दुसरा मिळत नाही."

"मंग?"

अमीनसाहेबांना ते 'मंग' कळायला थोडा वेळ लागला. "पण बराकीत बाईमाणूस..."

"बराकीत कोण म्हणतंय? स्वयंपाकघरात," अरुंधतीबाई म्हणाल्या. "स्वयंपाकघरात बाईमाणूस तुम्हाला कधीपासून चालेनासं झालं?"

"वर लिहावं लागेल."

"लिहा की," त्या म्हणाल्या. "तोवर पोरांनी काय खायचं?"

"साहेब," पुंजाराम काकुळतीला आला, "काल मी केलेली भाकरी कुत्र्यापुढं टाकली. त्यानं ती जमिनीत पुरली."

अमीनसाहेब हसले. आधी मिशीत, मग मोकळेपणी. "ठीक आहे. आजपासून समजा," ते म्हणाले. मग जरा घुटमळून, हळूच, "ते वरण... थोडं?"

त्या संध्याकाळी लाईनीत घरोघरी फोडण्या पडल्या, आणि धुराने ठाण्याच्या पहारेकऱ्यालाही शिंका आल्या. गिरिधर घरी आला, वास घेतला, आणि म्हणाला, "अगं, एक सांगायचं राहिलं होतं तुला. फोडणी टाकू नको." प्रेमलाने त्याला जे उत्तर दिलं, ते लाईनीत पुष्कळ दिवस सांगितलं जात होतं.

अर्धा राहिलेला पाळणा शिपायांनी मिळून पुरा केला. एक पाय थोडा आखूड झाला, म्हणून लेक त्यात नेहमी डावीकडे घरंगळायची.

पुढच्या मार्गशीर्षात मच्छिंद्रभाऊंना वर्ष झालं, तो दिवस आला. कोणी सांगितलं नाही, कोणी ठरवलं नाही. पण सकाळपासून लाईनीत एकाही चुलीवर फोडणी पडली नाही. दिवस कलला तसे सगळे बराकीच्या स्वयंपाकघरापुढे जमले. शिपाई वर्दीत, टोप्या काखेत. अमीनसाहेब एका बाजूला हात मागे बांधून उभे होते. खैरूनबीने आपल्या घरचं तेल आणलं होतं, प्रेमलाने माहेरचा लसूण. मच्छिंद्रभाऊंचा पट्टा पुष्पाबाईने चुलीवरच्या खुंटीला अडकवला होता. त्याच्या बकलाचं पितळ चिंचेने घासून लख्ख केलेलं.

तेल तापलं. पुष्पाबाईने मोहरीची मूठ उचलली, पट्ट्याकडे पाहिलं, आणि ज्या माणसाचं नाव तिने जन्मात कधी सरळ घेतलं नव्हतं, ते स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं घेतलं.

"मच्छिंद्र."

आणि मूठ सोडली. मोहरी फटफट फुटू लागली तशी शिपायांच्या टाचा आपोआप जुळल्या.

"सलामी चालू हाय," पुंजाराम पुटपुटला.

कोणी त्याला गप्प केलं नाही. प्रेमलाच्या लेकीने मात्र, गिरिधरचं बोट धरून उभ्या उभ्या, मागच्या वर्षीइतकीच मोठी शिंक दिली, आणि त्या धक्क्याने खाली बसली. पुष्पाबाई कढईवरची नजर न हलवता हसली.

"उचला गं तिला कोणीतरी," ती म्हणाली. "माझा लसूण जळंल."