तीन बाजूंनी पाणी

नकाशा शुक्रवारी द्यायचा होता आणि बुधवारी दुपारपर्यंत कागदावर चौकट आणि कोपऱ्यातलं दिशाचक्र, एवढंच उतरलं होतं. बायकोने हटकलं की नकाशेवाला म्हणायचा, वाचल्याशिवाय काढू कसा? म्हणणं रास्त होतं. फक्त नकाशाला चार बंदरं आणि दोन वाटा पुरल्या असत्या, आणि हा पठ्ठ्या पाचशे पानांचं बाड शब्दन् शब्द वाचत बसला होता. तेही चुका शोधायला.

कारण हा नकाशा ज्या कादंबरीत छापायचा होता, ती साडूची होती. साडू दातांचा डॉक्टर. समुद्र त्याने पाहिला तो हॉटेलच्या गच्चीवरून, तोही सर्दी झालेली असताना. आणि त्याने दवाखाना सांभाळून दोन वर्षांत जुन्या काळच्या गलबतांची कादंबरी लिहून मोकळं व्हावं? नकाशेवाला अशीच कादंबरी एकोणीस वर्षं 'लिहायला घेत' होता. पहिलं प्रकरण अकरा वेळा लिहून झालं होतं, टिपणांचे खोके माळ्यावर पडून होते. सासरी साडूच्या कौतुकाला ऊत आला की याच्या पोटात दुखायला लागे.

खरं दुखणं तर पुढेच होतं. कादंबरी चांगली होती. एकशे चाळिसाव्या पानावर तांडेलाची बायको गलबताला निरोप द्यायला किनाऱ्यावर उभी राहते. सूर्य पाण्यात बुडतो, गलबत त्या तांबड्या पट्ट्यात दिसेनासं होतं, तरी ती हात हलवतच राहते. नकाशेवाल्याचे डोळे भरून आले. असं एक पान आपल्याला का जमू नये, या रागातच त्याने चष्मा पुसला.

चष्मा पुन्हा चढवला आणि तो थबकला. बंदर होतं पूर्वेच्या किनाऱ्यावर. तिथे सूर्य पाण्यातून उगवेल. मावळेल तो बाईच्या पाठीमागे, डोंगराआड.

त्याचा आनंद गगनात मावेना. आता फक्त किनारा लिहिलाय तसा काढायचा, पुढचं काम वाचक करतील. त्या रात्री तो चार घास जास्त जेवला.

गुरुवारी किनारा सरळ ओढून झाला, आणि बंदराचा ठिपका द्यायची वेळ आली तेव्हा हात उठेना. लोक साडूला हसले तर खुशाल हसोत. पण हसतील त्या बाईला. तिने कुणाचं काय घोडं मारलं होतं? नकाशेवाल्याने साडूला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या आणि खोडरबर घेतलं. किनाऱ्यातून दक्षिणेकडे वळलेलं लांबलचक भूशिर काढलं आणि बंदर नेऊन त्याच्या टोकावर ठेवलं. तीन बाजूंनी पाणी. आता सूर्य पाण्यातून उगवो की पाण्यात बुडो, बाईला कुणी नावं ठेवणार नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी साडूचा फोन आला. नकाशा देखणा झालाय, पण ते जमिनीचं बोट कुठून आलं? किनारा सरळ आहे, तेवढा सरळ करून द्या. नाहीतर राहू दे, नकाशा बघतं कोण.

"एकशे चाळिसावं पान काढा," नकाशेवाला म्हणाला. "आणि सूर्य कुठे बुडवलाय ते बघा."

पानं चाळल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. या शांततेसाठी नकाशेवाल्याने किती दिवस जीव टाकला होता.

"दादा," साडूचा आवाज एकदम बारीक झाला होता, "तुम्ही सगळी वाचलीत?"

मग तो सांगू लागला. कौतुक सगळे करतात, पण घरात तिसाव्या पानापुढे कुणी गेलेलं नाही. त्याची बायकोसुद्धा नाही. "कशी वाटली?"

नकाशेवाल्याने माळ्यावरच्या खोक्यांकडे पाहिलं. बरी आहे म्हणून वेळ मारून नेता आली असती.

"मला लिहायची होती," तो म्हणाला, "अगदी तशी झालीय."

पोटातलं दुखणं मात्र जागच्या जागी होतं.