बोळातला गाडीखाना

“आज तुमी जाव नकात,” मालन गोधडीतूनच म्हणाली. तापानं तिचे दात वाजत होते. “माका उठूक होणा नाय. उद्या दोगां जावया.”

“उद्या गाडी येतली,” गुणाजी मेस्त्री खुंटीवरचा ओळंबा चाचपडत म्हणाला. “एकच खांब रवलो हा. मी लावतंय.”

“कसो लावतल्यात?”

हत्यारांची पिशवी खांद्याला मारून गुणाजी लालबागच्या चाळीचा जिना उतरला. पायऱ्या त्याला पाठ होत्या.

दोन वर्षं झाली, त्याच्या डोळ्यांपुढचं जग कडेकडेनं मिटत आलं होतं. इस्पितळातल्या डॉक्टरनं दिव्याची ज्योत फिरवून पाहिली आणि सांगितलं, हा मोतीबिंदू नव्हे, आतली शीरच सुकत चालली आहे. यावर इलाज नाही. गुणाजीनं हे फक्त मालनला सांगितलं. आंधळ्या सुताराला काम कोण देणार? गावी भावाच्या दारात बसून पेज खायची, नाहीतर देवळाच्या पायरीवर हात पसरायचा. तिसरी वाट त्याला दिसत नव्हती. तेव्हापासून मालन त्याच्याबरोबर कामावर येऊ लागली. लोकांना वाटे, मेस्त्री उतारवयात बायकोला माती वाहायला लावतो. ती मात्र जवळ उभी राहून हळूच म्हणे, “उजवीकडं दोन बोटां,” आणि त्याचे हात पूर्वीसारखे चालू लागत.

ठाकूरद्वारच्या रघुवीरराव वकिलांनी व्हिक्टोरिया घेतली होती. ती ठेवायला जागा एकच, घराला लागून असलेला बोळ. एका अंगाला वकिलांचं घर, दुसऱ्या अंगाला शेजारच्या वाडीची जुनाट भिंत, मधे जेमतेम सात फूट. त्यात दोन्हीकडून चार-चार खांब उभे करायचे, वर कौलं चढवायची, आणि तरी गाडी आत गेली पाहिजे.

“दोन्ही बाजू मिळून चार बोटांच्या वर जागा सुटत नाही. जमेल ना रे?” वकिलांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“जमात, सायबानू.”

सात खांब सुतात बसले होते. जुन्या भिंतीला जागोजाग पोट आलं होतं. मालनला ते दिसे; मग गुणाजी तिथला गिलावा तासून खांब मागे सरकवी.

आज तो एकटाच होता. आठवा खांब त्यानं भिंतीला टेकवला आणि ओळंबा सोडला. दोरी थांबली की अजून झुलते आहे, ते कळेना. बोट लावावं, तर बोटानंच ती हले. शेवटी मापाची काठी त्यानं समोरच्या खांबापासून जमिनीलगत धरली. माप बरोबर आलं. तीच काठी वर, कमरेपाशी लावून बघावी असं त्याच्या मनात आलं. पण ओटीवर वकील उभे होते. ओळंबा हातात असताना मेस्त्री काठीनं का चाचपडतो, असं त्यांनी विचारलं तर?

“झालं का?”

“झाला, सायबानू.”

कौलं नंतर चढायची होती. वकिलांना मुहूर्तावर गाडी आत घ्यायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी घोडा सोडवून गाडीवान जगन आणि दोन हमाल व्हिक्टोरिया ढकलू लागले. मालन अंगात ताप घेऊनच गुणाजीबरोबर आली होती. तीन जोड्या पार झाल्या. तेवढ्यात तिची नजर शेवटच्या खांबावर गेली.

“थांबा! कललो हा तो!”

उशीर झाला होता. चाकाच्या मधला तुंबा खांबावर आदळला आणि जगनचा पंजा मधे सापडला. त्याच्या किंकाळीनं आख्खी वाडी खिडक्यांत आली.

हात सुटला तेव्हा दोन बोटं चिरडली होती. वकिलांच्या पत्नी लक्ष्मीबाई हळद आणि फडकं घेऊन धावल्या. वकील गाडीचा खरवडलेला रंग बघत होते.

“सरळ ढकलता येत नाही तुला?” ते जगनवर कडाडले. “उद्यापासून तोंड दाखवू नकोस!”

“सरळच व्हती गाडी, मालक. आईशप्पत.” जगन रडत होता.

मालननं गुणाजीचं मनगट घट्ट धरलं. त्या पकडीचा अर्थ त्याला कळला. एक शब्द निघाला की सगळं संपलं. त्यानं ओठ मिटून घेतले. पण कान मिटता येत नव्हते; तो पोरगेला गाडीवान हुंदक्यांमधून पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता, “सरळच व्हती, मालक.”

“सायबानू,” गुणाजी म्हणाला, “तेचो दोष नाय. खांब वाकडो. माका दिसणा नाय.”

“दिसत नाही म्हणजे?”

“डोळ्यांनी. दोन वर्सां झाली.”

वकिलांनी पुढे होऊन त्याच्या कानशिलापाशी हात फिरवला. गुणाजीची पापणी हलली नाही.

“आणि मी तुझ्या हाती काम दिलं!”

“बाकीचे सात मोजून बगा. ते सरळ आसत. हिणा बगल्यान, मी लावलंय.”

वकिलांनी मोजले नाहीत. हमालाबरोबर जगनला त्यांनी डॉक्टरकडे धाडलं आणि हात बरा झाला की ये म्हणून सांगितलं. मग गुणाजीकडे पाठ करून म्हणाले, “जा तू. मी दुसरा मेस्त्री बघतो.”

मालननं हत्यारं गोळा केली. रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली,

“गप रवले असतास तर?”

“तेचा पोट गेला असता.”

“आणि आपला?”

गुणाजी रस्त्याच्या कडेला थबकला. समोरून ट्रामचे घोडे, बैलगाड्या, पाटीवाल्यांचे आवाज एकमेकांत मिसळून येत होते, आणि उन्हानं सगळं पांढरं झालं होतं. इतके दिवस तो हा रस्ता मान ताठ ठेवून, कुणाचा हात न धरता पार करी. आज पाय उचलेना.

मालननं पिशवी डोक्यावर घेतली आणि त्याच्या पुढ्यात येऊन पाठमोरी उभी राहिली.

“खांद्यार हात ठेवा.”

“लोकां बगतत गे.”

“बगूंदेत.”

त्यानं हात ठेवला. लुगड्याआडून तिचा खांदा तापानं भाजत होता. पानाच्या दुकानावर कोणीतरी फिदीफिदी हसलं. मालन चालू लागली. गुणाजीनं हात काढला नाही.