जयंतरावांच्या दारातले पाणी

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. मित्रांनो, मोठी माणसे तुम्हाला क्षमा करायला शिकवतात. मला ते कधी जमले नाही.

उज्जैनच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले आणि लग्नात मी अहल्याबाईंबरोबर त्यांच्या सासरी आलो. पुढे संस्थान विलीन झाले आणि त्यांच्या यजमानांची, श्रीनाथरावांची, कचेरीतली नोकरी गेली. मग बाईंनी भाड्याच्या खोलीत खाणावळ सुरू केली. बाहेरगावचे मास्तर, कारकून जेवायला येत. सगळा संसार त्या पंगतीवर आणि माझ्यातल्या पाण्यावर चाले. "हंडा कसा लखलखतो!" असे जेवणारे म्हणत, तेव्हा मी फुगून जाई.

सिंहस्थाचा मेळा एका वर्षावर आला. घरमालक जयंतरावांना भाडेकरू काढून खोल्या यात्रेकरूंना द्यायच्या होत्या. त्यांनी अंगणातल्या विहिरीवर जाळी बसवून कुलूप ठोकले.

"कमरा खाली करा अहल्याबाई, परेशानी मिटेल," ते गच्चीवरून म्हणाले.

बाई मला डोक्यावर घेऊन क्षिप्रा नदीवर जाऊ लागल्या. एकदा घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवर आम्ही दोघे पडलो. मला पोचा आला. बाईंचे मनगट मोडले, ते वाकडेच जुळले. आम्ही तसेच घरी परतलो, तेव्हा जयंतराव गच्चीतून हसले. ते हसणे मी पोटात ठेवले.

वैशाखात जयंतरावांच्या मुलीचे, कल्पनाचे, लग्न निघाले आणि विहीर आटली. सांगितलेली पाण्याची बैलगाडीही आली नाही. वऱ्हाड उन्हात दाराशी येऊन उभे! जयंतराव आमच्या खोलीशी धावत आले.

"बाई, पाणी द्या. इज्जतीचा सवाल आहे."

"ओतून टाक मोरीत," श्रीनाथराव म्हणाले. मीही तेच म्हटले असते.

बाईंनी मला उचलले आणि थेट वऱ्हाडासमोर नेऊन ठेवले. प्रत्येकाच्या ओंजळीत पाणी ओतताना त्या मोठ्याने सांगू लागल्या, "क्षिप्रेचं आहे हो. इथल्या विहिरीला कुलूप असतं. किराएदारांना मनाई आहे."

नवऱ्या मुलाचे वडील पाणी पिता पिता थांबले. "लोकांचं पाणी बंद करता तुम्ही?" त्यांनी जयंतरावांना विचारले.

जयंतराव डोक्यावरचा फेटा सारखा करू लागले.

"घसा कोरडा पडला असेल तुमचा," बाई त्यांना म्हणाल्या. "घ्या."

सगळ्यांदेखत जयंतरावांनी ओंजळ पुढे केली. इतक्या आनंदाने मी कधीच रिकामा झालो नव्हतो!

संध्याकाळच्या आत कुलूप निघाले. कोणाला खोली सोडावी लागली नाही.

आता बाई नाहीत. उज्जैनच्याच नानाखेडा भागात त्यांच्या मुलाचे घर आहे, तिथे नळ आहे आणि मी माळ्यावर काळा पडलो आहे. बाईंनी जयंतरावांना केव्हाच माफ केले होते. मी केले नाही. मित्रांनो, कोणाचेही पाणी तोडू नका. आणि कोणी तुमचे तोडलेच, तर त्याला विसरू नका.